दोन वाजताचा ओव्हर

दुपारचे दोन वाजायला आले की मुंबईच्या उपनगरांतलं कूपर रुग्णालय असो, राजावाडी असो किंवा मुलुंडचं अगरवाल, वॉर्डातल्या टेबलापाशी हालचाल सुरू होते. सकाळच्या पाळीची सिस्टर दुपारच्या सिस्टरला बरोबर घेते आणि दोघी खाटेखाटेपाशी थांबत पुढे सरकतात. ‘सहा नंबर, काल ऑपरेशन झालंय, ड्रेन पन्नास, लघवी चारशे, दोनचं अँटिबायोटिक बाकी. नऊ नंबरचे बाबा रात्रीपासून उठून चालायला बघतायत, खाटेचा कठडा खाली ठेवू नका.’ वॉर्डाच्या बोलीत याला ओव्हर देणं म्हणतात. शेजारच्या स्टुलावर बसलेल्या नातेवाइकाला या दोघी आपापसांत बोलतायत एवढंच दिसतं. त्या पंधरा-वीस मिनिटांत तीस-चाळीस माणसांच्या जिवाची जबाबदारी एका सहीवरून दुसऱ्या सहीवर जात असते, याचा त्याला पत्ता नसतो.

ही सही कायद्याने किती जड आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. नर्स म्हणजे डॉक्टरांची मदतनीस, काही चुकलंच तर डॉक्टर बघून घेतील, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात परिचारिकेची नोंदणी तिच्या स्वतःच्या नावाने होते. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमानुसार महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव असेल तरच ती परिचारिका. गैरवर्तन सिद्ध झालं तर तेच नाव तिथून काढलंही जातं. देशपातळीवर १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला. त्यातही नोंदणी आणि नीतिमत्ता यांची सांगड घातलेली आहे. ‘डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलं’ हे उत्तर म्हणूनच पुरत नाही. आदेश उघड चुकीचा दिसत असताना तो निमूट पाळला, तर दोष दोघांचा धरला जाऊ शकतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि परिचारिकांच्या दृष्टीने एक मोठी गोष्ट बदलली. तिच्यावर वॉर्डांमध्ये अजून पुरेशी चर्चा झालेली मला ऐकू आलेली नाही. जुन्या कलम ३०४-अ मध्ये निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद होती. डॉक्टर, ड्रायव्हर, कंत्राटदार, सगळ्यांना एकच. नव्या कलम १०६ ने ती पाच वर्षांवर नेली. डॉक्टरांच्या संघटनांनी आवाज उठवल्यावर, वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या हातून असं घडलं तर शिक्षा दोन वर्षांपर्यंतच राहील, अशी सवलत त्यात घालण्यात आली. पण नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक कोण, हेही त्याच कलमात सांगितलं आहे: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली मान्य असलेली पदवी आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेली व्यक्ती. परिचारिका त्या व्याख्येत बसत नाही. कलम जसं लिहिलं आहे तसं वाचलं, तर एकाच खाटेवर एकाच चुकीसाठी डॉक्टरला कमाल दोन वर्षं आणि सिस्टरला कमाल पाच. मला हा सरळ अन्याय वाटतो. संघटनांनी तो संसदेपर्यंत नेला पाहिजे.

अटकेपासूनचं संरक्षणही असंच अर्धं आहे. लुधियानाच्या एका रुग्णालयात १९९५ मध्ये श्वास लागलेल्या रुग्णासाठी आणलेलं ऑक्सिजनचं सिलिंडर रिकामं निघालं आणि तो दगावला. त्या खटल्यात, जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य, सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २००५ रोजी निकाल दिला. फौजदारी गुन्हा ठरायला निष्काळजीपणा ढोबळ, फार मोठा असावा लागतो. तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं. ऊठसूट अटक करू नये. हे सगळं डॉक्टरांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं आहे. असंच संरक्षण परिचारिकांनाही मिळायला हवं, असं केरळ उच्च न्यायालयाने अलीकडे म्हटलं आणि तिथल्या सरकारला तसं परिपत्रक काढायला सांगितलं. असं संरक्षण नसलं की काय घडतं, ते आपल्याकडे महाराष्ट्रात २०२१ साली दिसलं.

त्या वर्षी ९ जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा रुग्ण मृत्यू पावले. पोलिसांनी चौघींना अटक केली: एक डॉक्टर आणि तीन परिचारिका. वायरिंग कुणी केलं, अग्निशमनाची यंत्रणा का बसली नव्हती, निधी कुठे अडला, हे प्रश्न फायलींमध्ये फिरत राहिले. बेड्या पोहोचल्या त्या पाळीवर असलेल्या बायकांपर्यंत. आगीच्या वेळी त्यांनी काय करायला हवं होतं हे न्यायालय ठरवेल, ते ठरवणं माझं काम नाही. पण आगीचा सराव कधी घेतला होता, अग्निशामक नळकांडं कुठे आहे, ते चालवायला कुणी शिकवलं होतं, ही उत्तरं एकटी सिस्टर देऊ शकत नाही. अंधेरीत मरोळच्या कामगार रुग्णालयात १७ डिसेंबर २०१८ रोजी आग लागली आणि भांडुपच्या ड्रीम्स मॉलमधल्या रुग्णालयाला मार्च २०२१ मध्ये मध्यरात्री धुराने वेढलं, तेव्हाही हाच प्रश्न होता. खाटेवरचा रुग्ण स्वतः चालत बाहेर येत नाही. त्याला कुणीतरी न्यावं लागतं, आणि रात्री ते कुणीतरी म्हणजे बहुधा सिस्टर, एखादी मावशी आणि एखादा वॉर्डबॉय.

आता दुसरी बाजू, कारण परिचारिकेची चूक ही चूकच असते आणि ती माणसाचा जीव घेते. एक जुना खटला मराठवाड्यातला आहे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाईची प्रसूती झाली आणि काही दिवसांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. पोट दुखायचं थांबेना. दुसऱ्यांदा पोट उघडल्यावर आत राहिलेला मॉप, म्हणजे रक्त टिपायचा कापडी तुकडा, सापडला. २४ जुलैला ती बाई गेली. तिचे पती अच्युतराव खोडवा न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तो पुन्हा कायम केला. तेहतीस वर्षं! न्यायालयाचं म्हणणं असं की मॉप पोटात राहिला यातच निष्काळजीपणा उघड आहे. नेमका कुणाचा हात चुकला हे सिद्ध झालं नाही तरी त्या माणसांना कामावर ठेवणारं सरकार जबाबदार आहे.

ऑपरेशन थिएटरमध्ये मॉप मोजायचं काम परिचारिकांचं असतं. एक टेबलापाशी सर्जनला साधनं देणारी, दुसरी बाहेरून वस्तू पुरवणारी. सुरुवातीला, पोट शिवण्याआधी आणि त्वचा शिवताना दोघी मोठ्याने मोजतात आणि फळ्यावर आकडा लिहितात. आकडा जुळला नाही तर सर्जनला थांबवायचा अधिकार परिचारिकेचा, आणि थांबवणं हे कर्तव्यही तिचंच. हल्लीच्या मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो, तेवढा आधार वाढला आहे. पण घाईत असलेल्या ज्येष्ठ सर्जनला ‘सर, एक कमी आहे, थांबा’ म्हणायचं धैर्य कुठल्याही धाग्यात विणता येत नाही. ते थिएटरच्या वातावरणातून येतं. तिला एकदा सगळ्यांदेखत झापलं, की पुढच्या वेळी ती दोनदा मोजेल पण बोलणार नाही.

दुसरा खटला दिल्लीचा असला तरी तो आपल्या उपनगरांना अधिक लागू आहे. डिसेंबर १९९३ मध्ये विषमज्वराने आजारी एका लहान मुलाला स्प्रिंग मेडोज नावाच्या रुग्णालयात ठेवलं. डॉक्टरांनी लिहिलं क्लोरॅम्फेनिकॉल. नर्सच्या हातात आलं क्लोरोक्विन, आणि ते तिने शिरेतून दिलं. मुलाचं हृदय बंद पडलं. ते पुन्हा चालू झालं तोवर मेंदूला कायमची इजा झाली होती. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना त्यांच्या यातनांसाठी वेगळे पाच लाख देण्याचा निकाल कायम केला. त्या नर्सची नोंदणी कुठल्याच परिषदेकडे नव्हती. पात्रता नसलेल्या मुलीला इंजेक्शन द्यायला लावणारं रुग्णालय आणि देखरेख न करणारे डॉक्टर, दोघांनाही न्यायालयाने दोषी धरलं.

बोरिवली, कांदिवली, घाटकोपर, मुलुंड इथल्या रहिवासी इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर, खाली औषधाचं दुकान आणि वर पंधरा खाटा, अशी कितीतरी नर्सिंग होम आहेत. आपल्यातले अनेक जण अशाच ठिकाणी जन्मले किंवा त्यांची मुलं तिथे जन्मली. पांढरा कोट घातलेली प्रत्येक मुलगी तिथे नोंदणीकृत असतेच असं नाही. सहा महिन्यांचा कुठलासा कोर्स करून आलेली, कष्टाळू, हाताला चपळ, पण औषधांच्या सारख्या दिसणाऱ्या नावांत फरक करायला न शिकलेली मुलगी रात्रपाळीला एकटी असते. तिचा दोष फार थोडा. १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी अधिनियम पात्र परिचारिकांचं योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारायला सांगतो. म्हणजे ही तरतूद स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांनी लिहून झाली होती. दाखल होताना आपण खोलीचं भाडं आणि विमा विचारतो. ‘रात्री ड्युटीवर नोंदणीकृत सिस्टर असते का?’ हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत आणि विचारायचा आपल्याला हक्क आहे.

व्यवस्थापन हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे काचेची केबिन येते. परिचर्येत ते वॉर्डाच्या टेबलावरच सुरू होतं. सरकारी भाषेत वॉर्डातली सिस्टर ही अधिपरिचारिका, तिच्यावर वॉर्डाची इनचार्ज परिसेविका, सगळ्यांवर अधिसेविका, म्हणजे आपली मेट्रन. पाळ्या लावणं, नवख्या मुलीला अनुभवी सिस्टरबरोबर ठेवणं, इमर्जन्सी ट्रॉलीतली औषधं रोज तपासणं, ऑक्सिजनचा काटा बघणं, मुदत संपलेली कुपी काढणं, हे परिसेविकेचं काम. ते दिसत नाही, कारण ते नीट झालं की काहीच घडत नाही.

माणसं किती हवीत याचे निकष लिहिलेले आहेत. भारतीय परिचर्या परिषदेच्या मते अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. हा आकडा तिन्ही पाळ्यांचा मिळून आहे, म्हणजे एका पाळीत नऊ रुग्णांमागे एक. शिवाय रजा-आजारपणासाठी तीस टक्के जास्त. छत्तीस खाटांच्या वॉर्डात प्रत्येक पाळीला चार सिस्टर हव्यात. ज्याने कुणी रात्री सार्वजनिक रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात, खाटांच्या मधल्या जागेत गादी टाकून झोपलेले रुग्ण पाहिले आहेत, त्याला चार सिस्टर दिसल्या का, हे त्याने आठवून पाहावं.

जून २०२१ मध्ये राजावाडीच्या अतिदक्षता विभागात एका बेशुद्ध तरुणाच्या डोळ्याजवळचा भाग उंदराने कुरतडला होता. एप्रिल २०२४ मध्ये भांडुपच्या पालिका प्रसूतिगृहात वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही आणि मोबाइलच्या उजेडात सिझेरियन झालं, अशी कुटुंबाची तक्रार होती. आई आणि बाळ दोघंही गेली. उंदीर पकडणं आणि जनरेटर दुरुस्त करणं सिस्टरच्या कामात येत नाही. पण वॉर्डात उंदीर दिसतो, दिवे गेल्यावर जनरेटर उशिरा लागतो, हे सगळ्यांत आधी तिलाच कळतं. तिने ते लेखी कळवणं ही तिची जबाबदारी. त्या कागदावर तारीख घालून उत्तर देणं ही वरच्यांची. तोंडी सांगितलेली तक्रार चौकशीच्या दिवशी कुणालाच आठवत नाही. म्हणून जुन्या मेट्रन नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात बजावतात: जे लिहिलं नाही ते झालंच नाही. मला यापुढे एक जोडावंसं वाटतं. लिहून कळवणाऱ्या मुलीला ‘कटकटी’ ठरवून दुसऱ्या वॉर्डात टाकणारा अधिकारी पुढच्या अपघाताचा वाटेकरी असतो.

लिहिण्याचेही नियम आहेत आणि ते साधे आहेत. वेळ घालायची, काय पाहिलं ते लिहायचं, अंदाज लिहायचा नाही. ‘पेशंट बरा’ यापेक्षा ‘नाडी ८८, रक्तदाब ११०/७०, चहा घेतला’ हे न्यायालयातही टिकतं आणि पुढच्या सिस्टरच्याही उपयोगी पडतं. चुकलेलं खोडायचं ते एका रेघेने, खालचं वाचता येईल असं, शेजारी सही करून. व्हाइटनर लावलेली केसशीट वकिलाच्या हातात पडली तर खरी नोंदसुद्धा खोटी वाटू लागते. आणि औषध द्यायच्या आधी ‘दिलं’ असं लिहून ठेवायचं नाही. गर्दीच्या पाळीत हा मोह सगळ्यांना होतो.

कायद्याच्या पुस्तकात न मावणाऱ्याही काही गोष्टी आहेत. बोरिवलीच्या एखाद्या घरातला मुलगा वॉर्डाबाहेर सिस्टरला गाठतो आणि हात जोडून म्हणतो, ‘ताई, आईला कॅन्सर आहे हे सांगू नका, ती खचेल.’ तासाभराने आई तिचाच हात धरून विचारते, ‘सिस्टर, खरं सांग गं, मला काय झालंय?’ निदान सांगणं हे डॉक्टरांचं काम आहे. पण खोटं बोलायचं नाही, हे सिस्टरचं. अनुभवी सिस्टर अशा वेळी खाटेच्या कडेला बसते आणि विचारते, ‘आजी, तुम्हाला काय काय जाणून घ्यायचंय? सगळं ऐकायचंय?’ आजी हो म्हणाल्या तर ती डॉक्टरांना तसं कळवते, मुलालाही समजावते. आजार आजींचा आहे, म्हणून पहिला हक्कही त्यांचाच.

गुप्ततेचं तसंच. उपनगरात सिस्टर आणि पेशंट एकाच चाळीतले, एकाच सोसायटीतले असू शकतात. एचआयव्हीची चाचणी, गर्भपात, मनोविकाराची औषधं यांची गुप्तता कायद्याने बांधलेली आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात तर तिच्यासाठी वेगळी तरतूद आहे. पण संध्याकाळच्या लोकलच्या लेडीज डब्यात शेजारीण सहज विचारते, ‘आमच्या विंगमधली ती तुमच्याकडे ॲडमिट होती ना, काय झालं होतं?’ तेव्हा कलम आठवत नाही. आठवते ती सवय, आणि ती विद्यार्थिदशेतच लावावी लागते.

रुग्णालयाचीही सिस्टरप्रति जबाबदारी असते. मुंबईत हे सांगताना केईएम रुग्णालयाच्या अरुणा शानभाग यांचं नाव येतंच. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी ड्युटी संपवून कपडे बदलायला गेलेल्या या परिचारिकेवर रुग्णालयाच्याच एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत त्या केईएममध्येच अंथरुणाला खिळून होत्या. हल्ल्यानंतर शहरातल्या परिचारिका सुरक्षिततेसाठी संपावर गेल्या होत्या. पन्नास वर्षांनंतरही रात्रपाळीला कपडे बदलायची सुरक्षित खोली, उजेड असलेला जिना, पाळी संपल्यावर स्टेशनपर्यंत सोबत, या मागण्या तशाच ऐकू येतात. महाराष्ट्राचा २०१० चा कायदा वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरच्या हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड सांगतो, आणि परिचारिकाही त्यात येतात. तक्रार मात्र रुग्णालयाने नोंदवायला हवी. तिला एकटीला पोलीस ठाण्यात पाठवून भागत नाही.

त्याच अरुणाताईंच्या बाबतीत ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की त्यांच्या वतीने जीवन टिकवणारा आधार काढण्याचा निर्णय मागायचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, कारण त्यांनीच त्यांना सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोअर होऊ न देणं म्हणजे दर काही तासांनी कूस बदलणं, तेही पिढ्यान्‌पिढ्या बदलत गेलेल्या हातांनी, हजारो ओव्हरमधून.

माझी आई मांडीचं हाड मोडून अंधेरीच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये होती. रात्री अकराला तिचं दुखणं वाढलं. ड्युटीवरच्या सिस्टरने डॉक्टरांना फोन लावला. सांगलीकडची मुलगी, फार तर पंचविशीची. पलीकडून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन द्यायला सांगितलं. तिने नाव आणि मात्रा परत म्हणून दाखवली आणि मग शांतपणे म्हणाली, ‘सर, पेशंटचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, दोन पॉइंट एक. डायक्लो देऊ का?’ फोनवर काही क्षण कुणी बोललं नाही. मग आदेश बदलला, पॅरासिटामॉल शिरेतून. तिने केसशीटवर वेळ घातली, फोनवरचा आदेश असं लिहिलं, खाली सही केली. सकाळी राउंडला डॉक्टर आल्यावर कागद त्यांच्यापुढे धरून त्यांचीही सही घेतली. मग पर्स खांद्याला लावून, सकाळच्या सिस्टरला घेऊन ती आईच्या खाटेशी आली. ‘चार नंबर. रात्री दुखत होतं. डायक्लो द्यायचं नाही, कारण लिहिलंय.’